दोन बोटं जास्त

ता. ४ फेब्रुवारी

माझ्या भिंगरीला, आजीचा डोक्यावरून हात.

पुढचं वाचण्याआधी दारात एक लांबडं खोकं आलंय का ते बघून ये. आलं नसेल तर एक-दोन दिवसांत येईल. फोडताना कात्री जपून चालव. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, मग उगाच भांडणं होतात. म्हणून कागद. तिसरीपर्यंतच शिकले तेव्हा अक्षर मोठं येतं आणि कागद जास्त लागतात, त्याला माझा इलाज नाही.

डॉक्टरने तुझं पळणं बंद केलं त्याला वर्ष होत आलं. गुडघ्याला पळणं नको, सायकल चालेल, असं तो म्हणाला होता. तुम्हा सगळ्यांच्या लक्षात त्यातलं "नको" तेवढं राहिलं. गेल्या महिन्यात इथे आलीस तेव्हा खिडकीत बसून सकाळी पळणाऱ्या लोकांकडे बघायचीस आणि मी चहा घेऊन आले की एकदम वर्तमानपत्र धरायचीस. एकदा तर उलटं धरलं होतंस. मग शर्टाचं माप घ्यायचंय म्हणून तुला उभी केली, आठवतं? पाय मोजला तेव्हा तू म्हणालीस, "आजी, शर्टाला पाय कुठून आले?" मी म्हटलं, गप्प उभी राहा. ते माप शर्टाचं नव्हतंच.

आता दुकानाची गंमत ऐक. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलतो. म्हटलं, शर्यतीची सायकल दाखवा. "कुणासाठी, आजी?" माझ्यासाठी, मी म्हटलं. तो बिचारा मला बसायला स्टूल आणायला धावला. मग खरं सांगितलं. हिला रोड बाइक म्हणतात, तुला ठाऊक असेलच. टायर माझ्या अंगठ्याएवढं, हँडल एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं. मी विचारलं, कॅरिअर कुठाय? नसतं. मडगार्ड? नसतं. स्टँड? नसतं. घंटी? "वेगळी घ्यावी लागते." मी म्हटलं, एवढं सगळं काढून घेतल्यावर भाव उतरायला हवा, तर तुम्ही चढवून सांगताय. तो हसला. म्हणाला, "वजन उचलून बघा." मी उचलली तर काय, माझ्या शिलाई मशीनचं डोकं हिच्याहून जड आहे. तिथेच माझं मन बसलं.

रंग तुझ्या आवडीचा घेतला, गडद हिरवा. दुकानदार म्हणाला, रंग जाऊ द्या, आधी उंची आणि पाय सांगा, ही सायकल कपड्यासारखी मापाची असते. ऐकून मला असा आनंद झाला की विचारू नकोस. म्हटलं, मग योग्य बाईकडे आलात. मापं मी माझ्या पद्धतीने सांगितली, जन्म त्यातच गेलाय.

पैशांचं विचारायचं नाही. तुझ्या बापाने विचारलं तर सांग, आजी म्हातारी झालीय, काहीही करते.

तुझी आजी

ता. १९ फेब्रुवारी

आजी,

मला आधी वाटलं पत्ता चुकला. मग खोक्यावर तुझ्या हातची गाठ दिसली, ती कधीच सुटत नाही ती, आणि मी जमिनीवर बसूनच घेतलं. आजी, मी किती दिवसांनी रडले आणि किती दिवसांनी हसले ते दोन्ही एकदम झालं. आई म्हणाली, हिला पाणी द्या.

बाबा सायकलभोवती फिरले, हात मागे बांधून. म्हणाले, "एवढ्या पातळ टायरवर माणूस बसवतात?" मग, "ब्रेक तरी आहेत ना?" मग, "आमच्या वेळी सायकलवर दोन गठ्ठे आणि वर एक माणूस जायचा." आणि आत जाऊन टीव्ही लावला. तुला माहीतच आहे, ऑफिसातून आले की सोफ्यावरची त्यांची जागा ठरलेली. तिथे आता खळगा पडलाय.

पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी तळ्यापर्यंत. गुडघा अजिबात बोलला नाही. कानात वारा भरला की पळताना वाटायचं तसंच वाटतं. सीट पार खाली करून घेतलीय, हँडल जरा लांब वाटतं, पण नवी आहे, सवय होईल. सीट फार टणक आहे एवढं मात्र खरं.

माझी परीक्षा एप्रिलच्या शेवटी संपते. त्यानंतर मी तुझ्याकडे सायकलने येणार. सकाळी निघाले तर जेवायला पोचेन. बाबा म्हणाले, बघू. म्हणजे नाही. पण मी येणार.

तुझी भिंगरी

ता. २ मार्च

भिंगरीला आशीर्वाद.

तू सायकलने येणार हे वाचलं आणि दूध उतू गेलं. मी उठलेच नाही, पत्र परत पहिल्यापासून वाचलं.

सायकल ठेवायची जागा केलीय. मशीन खिडकीकडे सरकवलं, चिंध्यांची पेटी पलंगाखाली ढकलली, भिंतीला लागून सायकलभर जागा निघाली. तिथे जुनी सतरंजी घातलीय. शेजारीण विचारत होती, पाहुणे येणार का? म्हटलं, हो, एक उभी राहणारी आणि एक आडवी पडणारी.

तुझ्या बापाचं काय सांगतेस गठ्ठ्यांचं. ते गठ्ठे माझेच. तो शाळेत होता तेव्हा शिवलेले कपडे घरोघर तोच पोचवायचा, भाड्याच्या सायकलवरून. हात सोडून चालवायचा आणि मला कळणार नाही असं त्याला वाटायचं. मला गिऱ्हाईक येऊन सांगायचं, "मुलगा छान चालवतो हो, हात खिशात घालून." तेव्हा एका जागी बसायचा नाही. जेवायलाही उभाच. आता येतो तो गाडी दारात लावतो, बसतो ते खुर्चीच्या कडेवर, आणि मी मागे वळले की घड्याळ बघतो. मी मागे वळून कपाटाच्या आरशात बघते, तेव्हा दिसतं. त्याला काही म्हणू नकोस. कामं असतात.

त्याची पँट मी नेहमी दुमड घालून शिवायची. वर्षाला एक दुमड उसवायची, तीच पँट तीन वर्षं. शाळेत सगळ्यांच्या पँटी आखूड व्हायच्या, त्याची कधी नाही. तू त्याच्याच साच्यातली आहेस, फक्त जरा कमी कापडात बसवलेली.

घंटी घेतलीस का? पत्रात लिहिलं नाहीस.

तुझी आजी

ता. २६ मार्च

आजी,

परीक्षा जवळ आलीय म्हणून थोडक्यात. सगळे ठीक. सायकल छान आहे. सध्या फारशी जमत नाही, अभ्यास आहे. घंटी घेतली.

यायचं नंतर ठरवू या का? उन्हं फार वाढतील असं आई म्हणते. तू जागा वगैरे करून ठेवू नकोस.

भिंगरी

ता. ८ एप्रिल

भिंगरीला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाची चिठ्ठी. "सगळे ठीक" असं माणूस कधी लिहितं ते मला कळतं, मीही तुझ्या बापाला तसंच लिहिते.

मी बसून विचार केला. पहिला विचार आला, बाप काही बोलला असेल. मग वाटलं, कुणी मुलगा असेल, आणि सायकलीपेक्षा त्याच्याबरोबर पायी फिरणं बरं वाटत असेल. असेल तर असू दे, फक्त चपला चांगल्या घाल. मग काल भाजी निवडताना एकदम उजेड पडला. सीट. तूच लिहिलं होतंस टणक आहे. आणि असल्या गोष्टी पोरी सांगत नाहीत.

तेव्हा उठले ती त्या चष्मेवाल्या सायकल-दुकानदाराकडे गेले. त्याला म्हटलं, सीटला गादी शिवून देते. तो म्हणाला, "आजी, गादी सीटला नाही लावत, चड्डीला लावतात. आतून." मला वाटलं, थट्टा करतोय. त्याने खरंच तशी चड्डी काढून दाखवली, आत उशी शिवलेली. एवढी वर्षं कपडे शिवले, उशी आत घालून चड्डी शिवतात हे कुणी सांगितलं नाही. त्याच्याकडून नमुना बघून घेतला आणि रात्री जेवण होईपर्यंत तुझी तयार. टाके सगळे बाहेरच्या बाजूला घेतलेत, आत एकही गाठ नाही. गाठ टोचली तर गावभर आजीचं नाव निघायचं.

सोबत तो शर्टही पाठवते, ज्याच्या नावाखाली तुला उभी केली होती. खोटं बोलले होते ते खरं करून टाकलं.

यायचं तेव्हा ये. सतरंजी मी उचललेली नाही.

तुझी आजी

ता. २१ एप्रिल

आजी,

मुलगा नाही. चड्डी फार छान झालीय, पण सीटचंही नव्हतं.

मी तुला खोटं लिहिलं. अभ्यासाचं कारण नव्हतं. तळ्याच्या पुढे गेलं की माझे हात मुंग्या येऊन बधिर व्हायचे, इतके की ब्रेक दाबला की नाही कळायचं नाही. मान अवघडायची, खांदे जळायचे. सिग्नलला थांबले की पाय धड टेकायचे नाहीत, एकदा सायकल घेऊन आडवी झाले. लागलं नाही फारसं. मी व्यायाम केले, पट्ट्या बांधल्या, काही उपयोग नाही. शेवटी वाटलं, आधी गुडघा, आता हात आणि मान. माझं शरीरच असल्या कामाचं नाही. मार्चमध्ये मी सायकल दाराआड उभी केली आणि वर चादर टाकली. तुला कसं सांगणार होते? तू मशीन सरकवलं होतंस. म्हणून लिहिलं, उन्हं वाढतील.

मग परवा तुझा शर्ट आला. घालून बघितला तर बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. आई हसत म्हणाली, तुझी आजी अजून तुला वाढवतेय. आतून बघितलं तर शिवणीत सगळीकडे दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं. मी शर्ट घडी करून ठेवून दिला.

काल मात्र म्हटलं शेवटचं एकदा बघू. नवी चड्डी घालून पहाटे बाहेर काढली. तळ्यापाशी रोज सकाळी सायकलवाल्यांचा एक घोळका असतो. त्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, पन्नाशीच्या, तोंडाने फार फटकळ. त्या थोडा वेळ माझ्या मागून आल्या, मग शेजारी येऊन म्हणाल्या, "काय गं, ही सायकल कुणाची आणलीस?"

"माझी आहे."

"तुझी कशी असेल? तू त्यावर कपडे वाळत घातल्यासारखी लोंबतेयस."

त्यांनी मला उतरवलं, सायकलच्या दांड्यावर पाय टाकून उभं राहायला लावलं, हात कुठवर जातो ते बघितलं. म्हणाल्या, "तुझ्या हातांना, मानेला काही झालेलं नाही. फ्रेम मोठी आहे. हे माप कुणी दिलं?"

मी म्हटलं, माझ्या आजीने, आणि ती शिंपीण आहे, तिचं माप चुकत नाही. आणि बोलता बोलताच मला तो शर्ट आठवला.

आजी, खरं सांग. तू सायकलच्या मापातही दोन बोटं जास्त धरलीस का?

भिंगरी

ता. २७ एप्रिल

भिंगरीला पोटभर आशीर्वाद.

हो तर. धरली. पायात दोन, हातात दोन, पाठीत दोन. न धरायला मी काय नवशिकी आहे?

अगं, नेमक्या मापाचा कपडा मी घरच्या पोरांसाठी जन्मात कापला नाही. परक्या गिऱ्हाइकाला नेमका, घरच्याला वाढता. कात्री आपोआपच तेवढी बाहेर जाते. आज घट्ट व्हायला नको, उद्या उसवता यावं. तू एकोणीस वर्षांची आहेस आणि आता उंच व्हायची नाहीस हे मला ठाऊक आहे, पण माझ्या हाताला कुणी कळवलं नाही.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तू आडवी झालीस तिथे थांबले. दुसऱ्यांदा "माझं शरीरच असल्या कामाचं नाही" तिथे थांबले. भिंगरे, असं परत लिहायचं नाही. बोलायचं नाही. तुला मी पहिल्या आंघोळीपासून बघतेय, सगळं जिथल्या तिथे आहे.

लगेच चष्मेवाल्याकडे गेले. म्हटलं, दांडा दोन बोटं आखूड करून द्या. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, तेव्हा मला कळलं की मामला गंभीर आहे. म्हणाला, "आजी, हा धातू आहे. उसवता येत नाही." हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा बदलून आखूड बसवता येतो म्हणे, त्याने थोडा फरक पडेल, पण फ्रेम ती फ्रेम. वापरलेली सायकल परतही घेता येत नाही. "तुम्ही मला दोन बोटांचं सांगायला हवं होतं," म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही विचारायला हवं होतं. मग त्यानेच चहा मागवला.

तेव्हा आता माझं ऐक. ती हिरवी माझी म्हणून कवटाळून बसू नकोस. ज्याला बसेल त्याला दे आणि तुझ्या मापाची घे. जुनी असली तरी चालेल. मला राग नाही, वाईटही वाटणार नाही. वाटलं तरी थोडंच, आणि ते माझं मी बघेन. तू परत खिडकीत बसलीस तर मात्र मी येऊन बसेन तुझ्या घरी, आणि मला घोरायची सवय आहे.

तुझी आजी

ता. ११ मे

आजी,

बसलेली आहेस ना? नसशील तर बस.

तुझं पत्र आल्यावर मी सायकल पुसून अंगणात उभी केली, फोटो काढून विकायला टाकायचे म्हणून. पाच-सहा दिवसांनी पहाटे घंटी वाजल्यासारखी वाटली. खिडकीतून बघते तर सायकल जागेवर नाही. आई उठली, मी उठले, दोघी दारात. आई म्हणाली, चोर घंटी कशाला वाजवेल?

मग गल्लीच्या टोकाकडून कोण यावं? बाबा. ऑफिसची पँट, पायाशी कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले, पायात घरातल्या चपला. आम्हाला बघून त्यांनी ब्रेक दाबला आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "टायर तपासत होतो."

आई म्हणाली, "किती वेळ तपासत होता?"

"तळ्यापर्यंत."

नंतर कळलं, हे चार-पाच दिवस चाललं होतं. सीट त्यांनी वर घेतली होती आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण मी तिकडे बघतच नव्हते. मी म्हटलं, बाबा, एकदा नीट बसून दाखवा. ते बसले. आजी, पाठ सरळ, कोपर किंचित वाकलेलं, पाय खाली गेला की गुडघा हवा तेवढाच मोडलेला. डॉक्टरीणबाईंना तळ्यावर दाखवले तर त्या भोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "घ्या. मालक सापडला."

डॉक्टरीणबाईंकडे त्यांची जुनी सायकल पडून होती, लहान फ्रेमची. तिचा रंग उडालाय, पण चाकं तुपासारखी फिरतात. त्यांनी ती मला दिली. पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, दात किडले की माझ्याकडेच ये. काल मी तळ्याच्या पार पुढे, टेकडी चढून आले. हात जागेवर, मान जागेवर. वर पोचले तेव्हा कुणी नव्हतं, तेव्हा मी तिथे थोडी ओरडलेसुद्धा.

पुढच्या रविवारी आम्ही येतोय. आम्ही म्हणजे दोघं, दोन सायकलींवर. बाबा म्हणाले, "पोरीला एकटी कशी पाठवायची, रस्ता लांबचा आहे." मी मान हलवली. त्यांनी कालच हवा भरून ठेवलीय. रविवारला अजून आठवडा आहे.

भिंगरी

ता.क. (हे बाबांच्या हातचं) आई, सायकल मला अगदी बरोबर होते. माप कुणाचं घेतलं होतंस?

ता. २३ मे

भिंगरीला आशीर्वाद, आणि हे पत्र बापाला वाचून दाखव. सगळं नको, सांगते तेवढंच.

तुम्ही गेल्यापासून घर रिकामं नाही, भरलेलंच आहे. अजून पुरवून पुरवून आठवतेय. तुम्ही वळणावर दिसलात तेव्हा मी सकाळपासून दारातच होते, पण तसं दाखवलं नाही, केरसुणी हातात धरून ठेवली होती. आधी तू आलीस. मग तो. आणि दाराच्या जरा अलीकडे, कुणी बघत नाही असं वाटून, त्याने दोन्ही हात सोडले. मी बघितलं. त्याला सांगू नकोस.

सायकली दोन, सतरंजी एक. एक सायकल मशीनला टेकवावी लागली, हँडलवर अजून माझी टेप लटकतेय असं वाटतं, तू काढली होतीस ना?

तू आंघोळीला गेलीस तेव्हाचं तुला माहीत नाही. तो खुर्चीच्या कडेवर बसला नाही. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला, पाय लांब केले, आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय." वाढलं ते सगळं जेवला, परत मागितलं. मग तिथेच, सतरंजीवर, दोन चाकांच्या मधोमध झोपला. पार ऊन उतरेपर्यंत. घड्याळ त्याच्या मनगटावर होतं, पण हात डोक्याखाली होता. मी मशीन चालवलं नाही, आवाज होईल म्हणून. नुसती बसले. कितीतरी वर्षांनी तो माझ्या घरात झोपला.

त्याने विचारलंय, माप कुणाचं घेतलं होतं. त्याला सांग, घेतलं भिंगरीचं. दोन बोटं कुठे गेली ते मला आत्ता कळलं. चष्मेवाल्यालाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे चूक झालीच नाही." मी म्हटलं, झाली, चांगली झाली. चूक नाही म्हटलं तर पोरीचे हात फुकट बधिर झाले.

हे मापाचं तेवढं वाचून दाखव. बाकीचं तुझं.

सोबत दोन शर्ट पाठवते, सायकलवर घालायचे, पाठीला खिसे, त्यात केळी राहतात, करून बघितलंय. त्याच्या शर्टाला पोटाशी जागा जास्त आहे, कारण आहे. पण आतून कच्चे टाके घालून ठेवलेत. कमी झाला की घेऊन ये, आत घेईन. त्याच्या कपड्याला आत घ्यायची वेळ पहिल्यांदाच येतेय.

तुझा शर्ट कापायला दोन दिवस लागले. खडूने रेघ मारली आणि कात्री सवयीने बाहेर चालली, दोनदा परत आणली. शेवटी रेघेवरूनच कापला. बाहीत, पाठीत, कुठेही एक बोटसुद्धा जास्त नाही, उसवून बघ हवं तर. तू आत्ता आहेस तेवढाच केलाय.

बसला का ते येऊन दाखव. सतरंज्या आता दोन घातल्यात.

तुझी आजी